खानापूरच्या रानातल्या भेरली माडाच्या (फिशटेल पाम) बियांना बुरशी लागते, पेरण्याआधी काय करावं?

बियांवरचा गर पूर्ण काढून टाका, कारण बुरशी आधी त्या गरावरच धरते आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत झपाट्याने पसरते. फळं 2-3 दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मग वाळूत चोळून धुवा. हातमोजे घालाच! या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, भयंकर खाज सुटते. नंतर 1 भाग घरगुती पातळ ब्लीच (पावडर नव्हे) आणि 9 भाग पाण्यात 10 मिनिटं ठेवून स्वच्छ धुवा. सावलीत वरचं पाणी सुकेपर्यंतच पसरा. कडक उन्हात वाळवलेलं बी सहसा उगवत नाही. लगेच पेरलेलं उत्तम, ठेवायचंच तर जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), फ्रीजबाहेर. सुपारीला मात्र हे करू नका, ती सालीसकटच पेरतात.