सुपातले लाल सोंडे, काळे सोंडे

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही गोव्यात साखळीला राहतो, पावसात आमच्या उकड्या तांदळाला दरवर्षी सोंडे (सोंडवाले बारीक किडे) लागतात. यंदा सुपात पाखडताना बघितलं तर काही सोंडे लालसर आणि काही काळेकुट्ट. मुलगा बारावी सायन्सला आहे, तो म्हणाला ह्यांच्या पोटात बॅक्टेरिया राहतात आणि ते किड्याच्या उपयोगाचे असतात. पण बॅक्टेरिया म्हटलं की वाढतच जाणार ना, दूध रात्री बाहेर राहिलं तर सकाळी फाटतं तसं? मग ते किड्यालाच खाऊन का टाकत नाहीत, त्यांना आवरतं कोण? आणि असल्या तांदळाचा भात खाल्ला तर चालतो का?
– एक गृहिणी, साखळी

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतोय, आणि तुम्ही लाल-काळं बघितलंत तिथेच निम्मं उत्तर आहे. लालसर सोंडा म्हणजे नुकताच दाण्यातून बाहेर पडलेला. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते, म्हणून आपल्याला बाहेरून काहीच दिसत नाही. अळी दाण्याच्या आतच खाते, आतच कोष होते आणि पूर्ण किडा झाल्यावर भोक पाडून बाहेर येते. तेव्हा कवच मऊ असतं, मग हळूहळू कडक आणि काळं होतं.

आता हे कवच पक्कं व्हायला टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि ते भरपूर लागतं, कारण त्यापासून डोपा नावाचं द्रव्य बनतं आणि डोपामुळे कवचाला रंग नि कडकपणा येतो. तांदळात मात्र मुख्यतः स्टार्च, हे आम्ल कमीच. ती कमतरता भरून काढतो सोडालिस नावाचा बॅक्टेरिया. ज्या सोंड्यांमधून हे बॅक्टेरिया काढून टाकले त्यांचं कवच पातळ आणि फिकट राहतं.

आता आवरतं कोण. हे बॅक्टेरिया अंगभर मोकळे फिरत नाहीत, सोंड्याने त्यांच्यासाठी खास पेशी ठेवल्यात आणि ते त्यांच्या आत राहतात, अळीत ह्या पेशींचा गठ्ठा आतड्याच्या सुरुवातीला चिकटलेला असतो. ह्या पेशी कोलिओप्टेरिसिन नावाचं एक छोटं प्रथिन बनवतात. एरवी असली प्रथिनं बाहेरच्या जंतूंना मारायला असतात, पण इथे ते मारत नाही, फक्त विभागू देत नाही. बॅक्टेरिया वाढतो, त्याचे दोन तुकडे काही होत नाहीत, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तो शेवईसारखा लांबच लांब दिसतो! २०११ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन बनवणारं जीन बंद पाडून बघितलं, तर बॅक्टेरिया पेशींतून सुटून दुसऱ्या ऊतींमध्ये पसरले. म्हणजे तुमची दुधाची शंका बरोबरच होती, तिथे झाकण ठेवणारं कोणीतरी आहे इतकंच.

पण मला ह्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. किडा प्रौढ झाला की सुरुवातीच्या दिवसांत बॅक्टेरियांची संख्या एकदम वाढते, कारण कवचाचं काम जोरात चालू असतं. कवच झालं की दोनेक आठवड्यांत आतड्यातले जवळजवळ सगळे बॅक्टेरिया साफ! मारायला बाहेरून कोणी येत नाही, त्यांना ठेवणारी पेशीच स्वतःला मोडून टाकते, आतल्या बॅक्टेरियांना पचवते आणि निघालेला माल किडा परत वापरतो. आपल्याकडे किनाऱ्यावरचे शॅकवाले (झोपडीवजा हॉटेलवाले) ऑक्टोबरमध्ये कामाला पोरं भरतात आणि मे संपला की घरी पाठवतात ना, तसंच, फक्त इथे पोरांना घरी न पाठवता खाऊन टाकतात. मादीच्या अंडाशयाच्या टोकाला थोडे बॅक्टेरिया तेवढे शाबूत ठेवलेले असतात, ते अंड्यातून पुढच्या पिढीत जातात. लोक ह्याला मैत्री म्हणतात, मला तर ही साधी नोकरीच वाटते, आणि मालक चांगला खमका.

सगळेच किडे असं करत नाहीत. तुमच्या अळसांद्याच्या वेलावर मावा येतो, त्याच्या आत बुखनेरा नावाचा बॅक्टेरिया असतो आणि ती जोडी कोट्यवधी वर्षं जुनी आहे. मटारावरच्या माव्यात असं दिसलंय की बॅक्टेरियाला कच्चा माल म्हणून ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल पुरवणारं एक दार आहे, आणि बॅक्टेरियाने बनवलेलं आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल साठलं की ते दार मिटतं. गोदाम भरलं, कच्चा माल बंद.

भाताचं म्हणाल तर सोंडा चावत नाही, पाखडून, धुऊन, नीट शिजवला तर खायला हरकत नाही. तांदळाला कुबट वास किंवा बुरशी असेल तर मात्र टाका. थोडेच तांदूळ असतील तर डीप फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवा, दाण्याच्या आतली अंडी-अळ्याही मरतात, उन्हात घालून नुसते वरचे पळतात.

आणि मुलाला सांगा एक लालसर सोंडा मूठभर तांदळासोबत काचेच्या बाटलीत ठेव आणि रोज बघ. तोंडाला पातळ कापड घट्ट बांधायचं, हे लोक काचेवर सहज चढतात, मी एकदा नुसतं झाकण टेकवून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सोंडा साखरेच्या डब्यापाशी फिरत होता, घरात माझी जी पूजा झाली ती वेगळीच.