कॅमेरा पोलिसाच्या छातीवर, म्हणून पोलिसच दिसत नाही

तुम्ही विचारलंय की पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांवरून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये इतकी वर्षं वाद का चाललाय. कॅमेरा खोटं बोलत नाही, मग वाद घालण्यासारखं त्यात आहे तरी काय? वादविवाद स्पर्धेत कॅमेऱ्याच्या बाजूने बोलायचंय, असंही तुम्ही लिहिलंय.

मी वकील नाही, पोलिसही नाही. व्हिडिओ एडिटिंग हा माझा पोटापाण्याचा धंदा. कॅमेरा खोटं बोलत नाही हे अगदी कबूल, ते काम आमच्याकडे असतं. पण एडिटरने हात न लावलेलं फुटेजही बघणाऱ्याला गंडवू शकतं, आणि अंगावरचा कॅमेरा यात फार पटाईत आहे.

एकदा मी ॲक्शन कॅमेरा पट्ट्याने छातीवर बांधला आणि मित्राला म्हटलं, मला खांद्याला धरून जरा हलव. त्याने हसत हसत दोनदा हलवलं. नंतर फुटेज बघितलं तर त्याचा पंजा अख्ख्या चौकटीएवढा होऊन अंगावर येतोय, चित्र थडथडतंय, मध्येच आभाळ, मध्येच जमीन. माईक माझ्या गळ्याखाली, त्यामुळे माझा साधा श्वासही धापा टाकल्यासारखा ऐकू येतोय. तिसऱ्या एकाला काही न सांगता ते दाखवलं. म्हणाला, "कोण मारतंय तुला?" खरी गंमत पुढेच आहे. त्या झटापटीत मी मित्राच्या पायावर चांगला बूट दाबून धरला होता. तो बूट एकाही फ्रेममध्ये नाही. कॅमेरा माझ्यावर होता, म्हणूनच मी त्यात नव्हतो.

हीच गोष्ट संशोधकांनी नीट मोजून 2019 मध्ये प्रसिद्ध केली. एकाच घटनेचं एक चित्रण अंगावरच्या कॅमेऱ्याचं आणि एक गाडीच्या डॅशबोर्डवरच्या कॅमेऱ्याचं, असं वेगवेगळ्या लोकांना दाखवलं. अंगावरचं चित्रण बघणाऱ्यांना पोलिसाचं कृत्य कमी जाणूनबुजून केलेलं वाटलं. कारण साधं होतं, त्या चित्रणात पोलिसाचं शरीर जवळजवळ दिसतच नाही, आणि जो दिसत नाही त्याच्यावर ठपका ठेवायला आपलं मन बिचकतं.

आता अमेरिकेतलं मेम्फिस शहर घ्या. 7 जानेवारी 2023 च्या रात्री पोलिसांनी टायर निकोल्स नावाच्या 29 वर्षांच्या तरुणाला गाडीतून ओढून काढलं, तो पळाला, पुन्हा पकडला आणि मारहाण केली. तीन दिवसांनी तो गेला. पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. ते फुटेज बघा, म्हणजे बघवलं तर बघा. अंधार, हलणाऱ्या बॅटऱ्या, आणि "हात दे, हात दे" असा सारखा ओरडा. नुसतं ऐकलं तर वाटेल, माणूस हात देतच नाहीये, भयंकर प्रतिकार करतोय. पण त्याच कोपऱ्यावर खांबावर एक कॅमेरा होता, वरून बघणारा, आवाज न टिपणारा. त्यात स्वच्छ दिसतं, त्याचे हात धरून ठेवलेत आणि समोरून मारतायत. एकच घटना, सगळी चित्रणं खरी, कुणी काही कापलेलं नाही. पण खांबावरचा कॅमेरा नसता तर त्या "हात दे"चं काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

म्हणून तुमच्या भाषणात "कॅमेरा म्हणजे निःपक्षपाती साक्षीदार" असलं काही घेऊ नका. तो साक्षीदार खरा, पण एका बाजूच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला.

मग दुसरा मुद्दा बटणाचा. यावर लोक फार कमी बोलतात आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच मुरलाय. हे कॅमेरे साधारणपणे दिवसभर जपून ठेवेल असं रेकॉर्डिंग करत नाहीत. पोलिसाने बटण दाबलं की चालू. पण आतल्या आत ते सतत टिपत आणि पुसत असतात, आणि बटण दाबलं की मागचे काही सेकंद, बऱ्याच ठिकाणी 30, जोडून ठेवतात, तेही आवाजाशिवाय. बाल्टिमोरच्या एका पोलिसाला बहुधा याचाच विसर पडला. जानेवारी 2017 मधली घटना, उजेडात आली जुलैमध्ये. फुटेजच्या सुरुवातीला आवाज नाही. पोलिस एका परसातल्या कचऱ्यात डबा ठेवतो, डब्यात ड्रग्जची पुडी. मग चालत रस्त्यावर येतो, बटण दाबतो, आवाज सुरू. पुन्हा आत जातो, इकडेतिकडे शोधल्यासारखं करतो आणि डबा "सापडतो". पुडी आधी खरंच सापडली होती, रेकॉर्ड करायचं राहिलं म्हणून पुन्हा करून दाखवलं, असा त्याचा बचाव होता. 2018 मध्ये पुरावा बनवल्याबद्दल तो दोषी ठरला.

मी हा तुकडा कितीतरी वेळा पाहिलाय. कलाकाराला कट म्हटल्यावर जसा चेहरा सैल सोडता येतो, तसं त्याचं चालणं आहे. कॅमेरा चालू नाही असं वाटणारा माणूस कसा चालतो, ते त्या अर्ध्या मिनिटात आहे.

बटणाबद्दलचा सगळ्यात बोलका आकडा केंब्रिजच्या संशोधकांचा. बराक एरियल आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पोलिस दलांतल्या दहा चाचण्या एकत्र तपासल्या. सरासरी काढली तर कॅमेऱ्याने बळाच्या वापरात काहीच फरक नाही. मग त्यांनी वेगळं करून पाहिलं. जिथे पोलिसांनी नियम पाळला, म्हणजे सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला आणि समोरच्याला तसं सांगितलं, तिथे बळाचा वापर 37 टक्क्यांनी कमी. जिथे कधी चालू करायचं ते पोलिसाने आपल्या मर्जीने ठरवलं, तिथे 71 टक्क्यांनी जास्त. झटापट सुरू झाल्यावर मध्येच कॅमेरा काढला तर समोरचा आणखी भडकतो, हेही यामागे असू शकतं. पण कारण काहीही असो, तोच कॅमेरा दोन उलट्या दिशांना गेला.

हे लक्षात ठेवलंत तर स्पर्धेत हमखास येणारे दोन आकडे तुम्हाला सांभाळता येतील. तुमच्या बाजूचे लोक कॅलिफोर्नियातलं रिआल्टो काढतात. 2012-13 मध्ये तिथल्या छोट्याशा दलात वर्षभर चाचणी झाली; तक्रारी 24 वरून 3 वर आल्या, बळाचा वापर 61 घटनांवरून 25 वर. विरोधी बाजू वॉशिंग्टन डी.सी. काढते. तिथे दोन हजारांहून जास्त पोलिसांवर चाचणी झाली, 2017 मध्ये निकाल आला, आणि कॅमेरा असलेल्या-नसलेल्यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. दोन्ही खरं आहे. रिआल्टोत खुद्द पोलिसप्रमुखच त्या अभ्यासात सामील होते. साहेब स्वतः बघतायत म्हटल्यावर हाताखालचे कसे वागतात, हे वेगळं सांगायला नको.

आणि साहेब बघत नसले की काय होतं, ते 2020 मध्ये लुइव्हिलला दिसलं. 1 जूनला मध्यरात्र उलटल्यावर गोळीबारात एकाचा जीव गेला आणि तिथल्या पोलिसांचे कॅमेरे बंद होते. महापौरांनी त्याच दिवशी पोलिसप्रमुखाला काढून टाकलं. मला हा निर्णय फार आवडला. बटण शिपायाने दाबलं नाही, खुर्ची प्रमुखाची गेली.

"पोलिसांना कॅमेरा नको का असतो?" याचं उत्तर आता तितकंसं सरळ नाही. सुरुवातीला विरोध होता हे खरं. 2016 मध्ये बोस्टनला चाचणीसाठी स्वेच्छेने कोण पुढे येतंय विचारलं तर एकही जण आला नाही, आणि नावं सक्तीने लावली तेव्हा संघटना कोर्टात गेली. आता पुष्कळ पोलिसांनाच तो हवा असतो, कारण खोट्या तक्रारीतून सुटायला तो सगळ्यात आधी कामाला येतो. तक्रारी कमी होतात त्या पोलिस सुधारल्यामुळे, की तक्रार करणारा फुटेज आहे म्हटल्यावर गप्प बसतो म्हणून, हे आकड्यांतून कळत नाही. थोडं थोडं दोन्ही असावं.

तिसरी गोष्ट फाइलची. 20 ऑक्टोबर 2014 ला शिकागोत लक्वान मॅकडॉनल्ड या 17 वर्षांच्या मुलावर एका पोलिसाने 16 गोळ्या झाडल्या. अहवालात होतं, तो चाकू घेऊन अंगावर आला. गाडीतल्या कॅमेऱ्यात दिसत होतं, तो पोलिसांपासून दूर चालला होता. हे चित्रण पहिल्या दिवसापासून सरकारकडे होतं. लोकांसमोर आलं 24 नोव्हेंबर 2015 ला, तेही कोर्टाने आदेश दिल्यावर. तेरा महिने ती फाइल कुठेतरी पडून होती. नॉर्थ कॅरोलायनाने तर 2016 मध्ये कायदाच केला की असं फुटेज लोकांसाठी खुलं करायचं तर कोर्टाचा आदेश हवा.

मात्र सगळं सरसकट खुलं करा, असंही मी म्हणणार नाही. पोलिस घरात शिरतात ते बहुतेक वेळा त्या घराच्या सगळ्यात वाईट रात्री. मार खाल्लेली बायको, रडणारी पोरं, अर्धवट कपड्यातली माणसं, सगळं त्यात येतं. अमेरिकेत माहितीच्या कायद्याखाली असं फुटेज मागवून त्याचे चॅनल चालवणारे लोक आहेत. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांची फजिती लाखो लोक जेवता जेवता बघतात. कोर्टाने अजून दोषीही ठरवलेलं नसतं. मला स्वतःला अशा कामाची विचारणा आली होती, कापून, झूम करून, विनोदी आवाज टाकून द्यायचं. पैसे बरे होते. नाही म्हटलं, पण एक दिवस विचार केला होता, हे कबूल करतो.

शेवटी तुम्हाला हातात घ्यायला एक चांगलं हत्यार देतो. अहवाल लिहिण्याआधी पोलिसाने आपलं फुटेज बघावं का, यावर बरंच भांडण आहे. पोलिस संघटना म्हणतात बघू द्या, आठवण नेमकी होते. मी एडिटर म्हणून सांगतो, फुटेज बघितल्यावर आठवण नेमकी होत नाही, ती फुटेजसारखी होते. कॅमेऱ्यात बूट आला नसेल तर अहवालातही बूट येणार नाही. आधी लिहून द्या, मग बघा, आणि काही राहिलं असेल तर खाली वेगळं जोडा. तुम्ही कॅमेऱ्याच्या बाजूने बोलताय, तेव्हा ही अट तुम्हीच आधी मांडा. विरोधी बाजूच्या हातात ती गेली तर ते तुमच्यावरच वापरतील.

आणि मिनियापोलिसचा उल्लेख येणारच, म्हणून एवढं माहीत असू द्या. 25 मे 2020 ला जॉर्ज फ्लॉइड गेला तेव्हा त्याच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्या पोलिसाच्या अंगावरही कॅमेरा होता. झटापटीत तो निसटून खाली पडला आणि गाडीखाली गेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेख नव्हता. जगाने जे पाहिलं ते फुटपाथवर उभ्या असलेल्या 17 वर्षांच्या मुलीच्या फोनवर टिपलेलं होतं. परीक्षकांपैकी कुणी हे काढलं तर उत्तर तयार ठेवा.