वह्या आधी माळ्यावरून काढा

प्रश्न : मुलगी २४ वर्षांची असून अर्थशास्त्रात एम.ए. आहे. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. तरीही अभ्यास सोडून ती सरकारी योजनांचे जुने-नवे शासन निर्णय मिळवते आणि कोणती अट कधी बदलली याच्या वह्या भरते; मला हा नुसता छंद वाटतो. त्या वह्या मी माळ्यावर ठेवून दिल्या आहेत. कृपया तिला समजवावे. – एक शिक्षक, गंगाखेड

उत्तर : गुरुजी, हुकलेल्या परीक्षेपेक्षा मला काळजी वाटली ती आपल्या शेवटून दुसऱ्या वाक्याची. नातेवाईक काय म्हणतात, शेजारच्या मुलाला कोणते पद मिळाले, स्थळे का थांबली आहेत, हे सारे आपण मूळ पत्रात सविस्तर लिहिले आहे. त्या वह्यांत काय आहे हे मात्र आपण वाचल्याचे कुठेही दिसत नाही. न वाचलेल्या वहीवर शेरा मारण्याची मुभा आपण आपल्या शाळेत कुणाला दिली नसती. पदव्युत्तर शिक्षण झालेल्या मुलीचे काम तिला न विचारता उचलून ठेवायचे आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने मन लावून अभ्यास करावा अशी अपेक्षा धरायची, हे मला पटत नाही.

योजना एकदा जाहीर झाली की ती तशीच राहते आणि जुना शासन निर्णय म्हणजे रद्दी, असा आपला समज दिसतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक अनुदान २०१९ मध्ये ६०० रुपयांवरून १००० आणि २०२३ मध्ये १५०० झाले, परंतु सर्वसाधारण लाभार्थ्यांची वार्षिक उत्पन्नमर्यादा या दोन्ही वाढींच्या वेळी २१,००० रुपयेच राहिली. म्हणजे वर्षाचे अनुदान १८,००० आणि पात्रतेची मर्यादा त्याहून जेमतेम तीन हजारांनी जास्त, ही विसंगती दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. लाडकी बहीण योजनेचा निर्णय २८ जून २०२४ चा. आठवडाभरातच वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली आणि पाच एकर शेतीची अट गेली. शासन निर्णयाच्या आरंभी बहुधा ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. तिच्या आधारे मागे मागे जात योजनेचा इतिहास जुळवणे हे धोरण-अभ्यासाचे मूळ काम आहे, आणि आपली मुलगी ते कुणी न शिकवता करते आहे.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे तिथेही या वह्या वाया जाणार नाहीत. तरीही तिसरा प्रयत्न करायचा की नाही, हे तिने ठरवावे. माझे मत विचाराल तर तिने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या तुळजापूर येथील अभ्यासक्रमांची आणि पुण्याच्या गोखले संस्थेची माहिती आधी काढावी. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी (तरुणांना राज्य शासनासोबत ठरावीक काळ काम करण्याची संधी) वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. ती दरवर्षी निघतेच असे नाही, म्हणून तिच्या भरवशावर बसू नये. अनुभवासाठी एखाद्या सामाजिक संस्थेत किंवा रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात, म्हणजे गावकऱ्यांसमोर होणाऱ्या कामांच्या व खर्चाच्या तपासणीत, मिळेल ते काम धरावे, मानधन कमी असले तरी.

तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अटी उतरवून काढणे म्हणजे विश्लेषण नव्हे. प्रत्येक बदलासमोर त्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने तिने संगणकावर मांडावेत, आणि बदललेल्या अटीमुळे गावातील कोणाचा अर्ज नाकारला गेला हे तहसील कार्यालयात व ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. एवढे जमले नाही, तर हा छंदच आहे हे आपले म्हणणे मी मान्य करीन.

पुढचे पत्र मात्र तिने स्वतः लिहावे आणि त्यासोबत कोणत्याही एका योजनेचा असा तक्ता पाठवावा. प्रवेशाच्या अर्जाबद्दल मी तो पाहून तिच्याशीच बोलेन.