गणिताचा खेळ बनवला, पण मुलगी खेळेना

प्रश्न: ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, हातच्याची बेरीज आली की बोटं मोजत बसते. म्हणून मी घरीच सापशिडीचा पट बनवला, प्रत्येक घरात एक गणित, उत्तर बरोबर आलं तरच सोंगटी पुढे. दोन डाव खेळली आणि तिसऱ्या दिवशी म्हणते, बाबा, गणितं काढा ना, मग खेळू. काय चुकलं?

उत्तर: मुलीनेच नेमकं सांगितलंय बघा. तुमच्या पटावर गणित म्हणजे टोलनाका झालाय, तो काढला तरी सापशिडी मस्त चालते, मग तिला तो अडथळाच वाटणार ना. गणित हीच चाल असेल असा खेळ हवा, म्हणजे गणित काढलं की खेळच उरत नाही.

हातच्याला अडते म्हणताय तर आधी दहाच्या जोड्या पक्क्या करा, कारण ८ + ५ करताना आठाला दोन दिले की दहा, वर तीन, झाले तेरा. जाड कागदाचे १ ते ९ चे पत्ते कापा, प्रत्येक आकड्याचे चार, एकूण ३६. सगळे पालथे मांडा. एक पत्ता उलटायचा, समजा ३ आला, तर दुसरा उलटण्याआधी मोठ्याने म्हणायचं "मला सात हवा", आणि मग सात कुठे पाहिला होता ते आठवून उचलायचा. जमलं तर जोडी आपली, नाहीतर दोन्ही परत पालथे. हे "सात हवा" म्हणणं अजिबात सोडू नका, खरा सराव तिथेच होतो. बरोबर १८ जोड्या लागतात, त्यामुळे शेवटी पत्ते उरले तर कुठेतरी चुकीची जोडी गेलीय, ती तिलाच शोधू द्या, मुलांना हे फार आवडतं.

घड्याळ लावू नका हं. घाई झाली की मूल विचार सोडून अंदाज ठोकतं. आणि तुम्ही मुद्दाम हरू नका, जागा लक्षात ठेवण्यात ती तुम्हाला खरंच हरवू शकते.

पाढ्यांचं नंतर बघू, पण घाबरू नका, १ ते १० चे गुणाकार शंभर दिसतात तरी ३ × ७ आणि ७ × ३ एकच धरलं की ५५च उरतात. आणि जोड्या पाठ झाल्या की नवा नियम तिलाच बनवायला सांगा, दहाऐवजी बारा करायचे म्हटलं तर कुठले पत्ते बिनजोडीचे राहतात हे तिचं तिलाच कळेल.