डोंगरावर लाकडी घर बांधताना वर्कशॉप आधी बांधावं की नंतर? आणि केवढं?

तुम्ही स्वतः लाकडी घर बांधायला घेताय आणि वर्कशॉप घराआधी, घरासोबत की शेवटी, असं विचारलंय. माझं उत्तर: आधी, घराचा पाया खणण्याच्याही आधी. अवजारं आणि सिमेंट कोरडं राहतं हा फायदा आहेच, पण मुख्य कारण लाकूड वाळवणं. ८ इंच रुंदीची ओली फळी वाळेपर्यंत पाव इंचाहून जास्त आक्रसू शकते. सांगाड्याच्या वाशांना १९ टक्क्यांपर्यंत ओल चालून जाते. दारं, खिडक्या, जिना आणि कपाटांसाठी मात्र १० ते १२ टक्क्यांवर आलेलंच लाकूड हवं. नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात शेगडी पेटली की सांधे उघडतात आणि दारं पीळ खातात.

उघड्यावर वाळवताना जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष हा ढोबळ हिशेब. सूचिपर्णी (देवदार, चीड यांसारखं) लाकूड त्याहून लवकर वाळतं, पण कडक थंडीत वाळणं जवळजवळ थांबतं. म्हणून वर्कशॉपच्या एका लांब बाजूला छप्पर पुढे काढून ६ फुटांची पडवी करा आणि पहिल्याच हंगामात तिथे थप्पी लावा. थप्पी जमिनीपासून दीड फूट वर असावी. दोन थरांमध्ये पाऊण इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दर १६ ते २४ इंचांवर टाका आणि त्या खालपासून वरपर्यंत एका ओळंब्यात ठेवा. एखादी पट्टी सरकली की तिथे फळी वाकलीच समजा. फळ्यांच्या टोकांना जाड रंग लावा, नाहीतर टोकं मधल्या भागाआधी वाळून चिरतात. वर वजन ठेवा. ताडपत्रीने गुंडाळू मात्र नका. आत बुरशी धरते.

आकार १२ × २० फूट पुरतो. ८ × ४ फुटांची प्लाय उभी चिरायची तर टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीच्या) पुढे ८ आणि मागे ८ फूट मोकळे लागतात, त्यामुळे सॉ मधोमध, २० फुटांच्या दिशेने. माइटर सॉ (वासे आडवे कापणारी करवत) लांब भिंतीला लावा आणि त्या लांब भिंतीच्या टोकाला येणाऱ्या आखूड भिंतीत टेबलाच्या उंचीवर फूटभर चौकोनी झडप ठेवा. १६ फुटांचा वासा त्यातून बाहेर सरकतो. या एका झडपेमुळे खोली लांबवावी लागत नाही. दार दोन पल्ल्यांचं, ८ फूट रुंद, बाहेर उघडणारं. जिथे खूप बर्फ साठतो तिथे बाजूला सरकणारं बरं.

उतारावर सगळ्यात जास्त बिघडतो तो पाया. अर्धी जागा कापून आणि अर्धी भर घालून सपाट केली की भर दबते आणि स्लॅब नेमका त्या रेषेवर तडकतो. त्यापेक्षा मूळ घट्ट जमिनीपर्यंत आणि तिथली माती जितकी खोल गोठते त्याखाली जाणारे खांब घ्या, त्यावर लाकडी फळ्यांची जमीन करा. वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर आधी खणा, खांब नंतर. छपराची वळचण किमान दीड-दोन फूट.

विजेबद्दल नीट हिशेब करा. साधं पेट्रोल इंजिन दर हजार फूट उंचीला सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे ७,००० फुटांवर ५ केव्हीएचा जनरेटर ४ केव्हीएच्या आसपासच देतो. इंडक्शन मोटर (जड यंत्रांत असते ती) सुरू होताना, एरवी चालताना लागणाऱ्या प्रवाहाच्या ५ ते ७ पट ओढते. त्यात ५० मीटर लांब १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर १० अँपिअरला सुमारे १२ व्होल्ट केबलमध्येच कमी होतात आणि सुरू होण्याच्या क्षणी ६० च्या आसपास; मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. ४ चौरस मिलिमीटरची केबल घ्या आणि तिचं वेटोळं पूर्ण सोडून वापरा. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग पहिल्या दिवसापासून हवंच.

पत्र्याखाली इन्सुलेशन न घालता छप्पर टाकलं तर पहाटे आतून थेंब गळतात आणि सॉचं बिडाचं टेबल गंजतं. टेबलाला मेण चोळत जा. धुराडं नसलेला गॅसचा हीटर लावू नका: तो हवेत बाष्प सोडतो, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. पांढरा सुतारी गोंद साधारण १० अंशांखाली नीट धरत नाही, आणि लिथियम बॅटऱ्या शून्याखाली चार्ज केल्यास कायमच्या बिघडतात. दोन्ही गोष्टी रात्री तुम्ही झोपता तिथेच ठेवा.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेटतात. बाहेर सुट्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा. याच कारणाने मी वर्कशॉप घराला चिकटवून बांधायच्या विरोधात आहे. मध्ये ३० फूट तरी अंतर ठेवा.