स्वमग्न मुलांना व्हीआर गेममधून खरंच काही शिकता येतं का?

तुमचा मुलगा ९ वर्षांचा आहे, मोजकं बोलतो, लिफ्ट दिसली की कान झाकून खाली बसतो आणि रस्त्यात हात सोडून पळतो. व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी दृश्य दाखवणारं यंत्र, घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे. मी १४ वर्षं विशेष शिक्षिका म्हणून स्वमग्न मुलांबरोबर काम करते आहे आणि गेली काही वर्षं आमच्या वर्गात हेडसेटही आहे. त्या अनुभवावरून सांगते: लिफ्टसाठी आभासी सरावाचा उपयोग होऊ शकेल, पण रस्त्यासाठी नुसत्या गेमवर विसंबू नका.

आधी रस्त्याचंच सांगते. आमच्याकडे ११ वर्षांचा एक मुलगा होता. रस्ता ओलांडायच्या गेममध्ये तो तीन आठवड्यांत तयार झाला. कडेला थांबायचा, सिग्नल हिरवा झाला की चालायचा, दहापैकी दहा वेळा बरोबर. आम्ही सगळे खूश होतो. मग त्याला खऱ्या सिग्नलपाशी नेलं. त्याचं मनगट माझ्या हातात होतं. दिवा हिरवा झाला, तो हलला नाही. लाल झाला, परत हिरवा झाला, तरी नाही. पुढच्या लाल दिव्याला समोरून एक निळा टेम्पो गेला आणि त्याने पाऊल पुढे टाकलं. मनगट धरलेलं होतं म्हणून निभावलं.

परत आल्यावर मी स्वतः हेडसेट घालून तो गेम चार-पाचदा खेळले. सिग्नल हिरवा होण्याच्या जेमतेम आधी त्यात दर वेळी एक निळी गाडी जात होती. आम्हा मोठ्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं, त्याच्या मात्र आलं होतं. दिव्याशी त्याला काही देणंघेणंच नव्हतं. निळी गाडी गेली की चालायचं, हे तो शिकला होता आणि गेमने दर वेळी टाळ्या वाजवून त्याला तेच बरोबर ठरवलं होतं.

मुलाने काहीच चूक केली नव्हती, समोर ठेवलेलं तो नेमकेपणाने शिकला होता. पुष्कळ स्वमग्न मुलांची नजर बारीकसारीक गोष्टींवर आधी जाते आणि एका ठिकाणी आलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप येत नाही. शाळेत बुटाचे बंद बांधणारं मूल घरी बांधत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. गेममध्ये सगळं दर वेळी जसंच्या तसं घडतं, म्हणून या मुलांना तिथे सुरक्षित वाटतं, आणि नेमकं त्यामुळेच ती भलतंच काही शिकून बसू शकतात. तेव्हा कुठलाही गेम घेण्याआधी तो स्वतः दहा वेळा खेळा. गाड्या, रंग, आवाज, उजेड दर वेळी बदलतात का, आणि मोठ्या माणसाला ते बदलता येतात का, हे पाहा. बदलत नसतील तर तो गेम शिकवण्यासाठी नको.

ही कल्पना नवी नाही. संशोधक डोरोथी स्ट्रिकलँड यांनी १९९६ साली दोन स्वमग्न मुलांना, एक ७ वर्षांचं आणि एक ९ वर्षांचं, त्या काळचं जड शिरस्त्राण घालून आभासी रस्ता दाखवल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. मुलं ते डोक्यावर ठेवतील का हाच तेव्हा मोठा प्रश्न होता, आणि त्यांनी ठेवलं. पुढे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात सारा पार्सन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आभासी कॅफे तयार केला. रांगेत उभं कसं राहायचं, जागा कशी शोधायची याचा सराव त्यात होता, आणि तो साध्या संगणकाच्या पडद्यावर चालायचा.

तुमच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचं काम इंग्लंडमधल्याच न्यूकॅसल विद्यापीठाचं आहे. तिथे हेडसेट नसतो. मूल एका खोलीत बसतं आणि भिंतींवर चारी बाजूंनी दृश्य दिसतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १३ वयाचे ९ मुलगे होते. कुणाला गर्दीच्या बसची भीती, कुणाला कबुतरांची. शेजारी मानसोपचारतज्ज्ञ बसलेले, श्वास संथ करायला शिकवणारे, आणि मूल तयार झालं की मगच पुढची पायरी. अशी जेमतेम चार सत्रं, आणि त्यानंतर खऱ्या ठिकाणी सराव. ९ पैकी ८ मुलांना भीतीच्या प्रसंगाला तोंड देता येऊ लागलं, चौघांची भीती पूर्ण गेली. नंतर ३२ मुलांबरोबर केलेल्या चाचणीतही फायदा दिसला, पण काहींनाच, सगळ्यांना नाही.

भीतीच्या बाबतीत हे चालतं याचं कारण, मला वाटतं, दाराची कळ मुलाच्या हातात असते. खरी लिफ्ट त्याच्यासाठी थांबत नाही, आभासी लिफ्ट थांबते.

आता हेडसेटबद्दल. मेटा क्वेस्टची किमान वयोमर्यादा १० वर्षं आहे, सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरची १२. तुमचा मुलगा दोन्हींत बसत नाही, त्यामुळे मी आत्ता तो घेणार नाही. पुढे कधी घेतलात तर आधी डॉक्टरांशी बोला. स्वमग्न मुलांमध्ये आकडी येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशाने ती येऊ शकते. मळमळतंय हे मुलाला सांगता येत नसेल, तर चेहरा पांढरा पडणं, जांभया, घाम यांवर लक्ष ठेवा. मी पाच मिनिटांवर जात नाही.

नजरेला नजर द्यायला लावून गुण देणारे गेम मात्र कुठल्याच वयात आणू नका. अनेक स्वमग्न मोठी माणसं सांगतात की डोळ्यांत बघायची सक्ती झाली की समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते, इतरांनाही स्वमग्न माणूस कळत नाही. मग सगळी तालीम एकट्या मुलानेच का करायची?

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात तुम्ही रोज वापरता त्या लिफ्टचा मोबाइलवर व्हिडिओ काढला असता. बाहेरून, आतून, दार उघडताना, बंद होताना, सकाळी आणि रात्रीही. तो टॅबवर आधी आवाज बंद ठेवून दाखवा, मग अगदी हळू आवाजात. थांबवायचं बटण त्याच्याच हातात द्या, आणि त्याने पहिल्याच सेकंदाला थांबवलं तरी थांबू द्या. त्याच दिवशी खऱ्या लिफ्टपासून लांब, तो कान झाकणार नाही इतक्या अंतरावर, त्याच्याबरोबर दोन मिनिटं उभे राहा आणि जिन्याने घरी जा. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. एक पाऊल पुढे कधी टाकायचं ते त्याला ठरवू द्या. आमच्याकडच्या एका मुलीने पहिलं पाऊल टाकायला १९ दिवस घेतले, आणि विसाव्या दिवशी बटण तिनेच दाबलं.