कॅन्सर विभागातल्या ईएमआर डेटाचा (पेशंटच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदींचा) उपयोग कसा करावा? कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या हो, आधी फोन करायला एक माणूस घ्या.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ऑन्कोलॉजीत पाच-सहा वर्षांचा डेटा "नुसता पडून आहे", त्यातून पेशंटचं सर्व्हायव्हल, म्हणजे किती जण किती काळ जगले ते काढायचंय, मॅनेजमेंटला डॅशबोर्ड दाखवायचाय. ते "नुसता पडून आहे" वाचलं आणि राहवलं नाही. मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात कॅन्सर विभागाची डेटा मॅनेजर होते. नाव सांगत नाही, टाटा नव्हे एवढं सांगते.

आमच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) एका कॉन्फरन्ससाठी तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटचं सर्व्हायव्हल हवं होतं. आमच्याकडे येणारे बहुतेक तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येणारे, गुटखा-मिश्रीवाले, अर्धे मुंबईबाहेरचे. आयटीच्या साहेबांनी एका दुपारीत क्वेरी मारली, काप्लान-मायरचा ग्राफ (वेळ जाईल तसे किती जण जिवंत उरले ते दाखवणारी रेघ) काढला आणि मीटिंगमध्ये लावला. रेघ अशी काही आडवी गेलेली की चौथ्या स्टेजवाल्यांनी एलआयसीचा एजंट शोधावा. सगळे खूश. मी विचारलं, साहेब, यात गेलेले लोक कुठायत? तर म्हणे सिस्टिममध्ये डेथचा कॉलम आहे, तो घेतलाय.

आता तो कॉलम भरतो कधी, तर पेशंट आमच्या वॉर्डात किंवा आयसीयूत गेला आणि डेथ समरी बनली तरच. पण डॉक्टरांनी "आता घरी न्या" सांगितलेला माणूस जातो त्याच्या गावी, आणि ते सिस्टिमला कोण कळवणार? मग तो शेवटच्या ओपीडीच्या तारखेपर्यंत जिवंत धरला जातो आणि तिथून हिशोबातून बाजूला होतो. याला सेन्सॉर करणं म्हणतात, गणित म्हणून त्यात काही चूक नाही, पण ते कधी चालतं, जेव्हा न आलेले आणि आलेले पेशंट साधारण सारखेच असतात तेव्हा. इथे तर येत नाहीत ते बहुतेक येण्याच्या अवस्थेतच नसतात. चर्चगेट लोकलमध्ये चढलेल्यांनाच विचारायचं की गाडी चुकली का हो, त्यातला प्रकार.

मग मी आणि एक ऑपरेटर मुलगी फोन करायला बसलो. तिथे आणखी मजा. रजिस्ट्रेशनला मोबाईल नंबर कंपल्सरी, त्याशिवाय स्क्रीन पुढेच जात नाही, म्हणून घाईत काउंटरवाल्याने दहा वेळा नऊ दाबलेले. काही नंबर धर्मशाळेत शेजारी उतरलेल्या भलत्याच माणसाचे, एक नंबर पेशंटला स्टेशनवरून घेऊन आलेल्या टॅक्सीवाल्याचा. जळगावकडच्या एका घरी बाईंनी उचलला, म्हणाल्या, ते दिवाळीतच गेले, पण तुमचा अपॉइंटमेंटचा मेसेज अजून येतो दर महिन्याला. सिस्टिममध्ये ते "अ‍ॅक्टिव्ह" होते!

जेवढे फोन लागले तेवढ्यांवर नवीन ग्राफ काढला, रेघ धाडकन खाली आली. आयटीचे साहेब म्हणाले सिस्टिमबाहेरची माहिती ग्राह्य धरता येणार नाही, तुम्ही डेटाची ऑथेंटिसिटी घालवताय. कॉन्फरन्सला जुनाच ग्राफ गेला, खाली बारीक अक्षरात "उपलब्ध नोंदींनुसार". मला आजही त्याचा राग आहे.

याच मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 साली रजिस्ट्री, म्हणजे शहरातल्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली, देशातली पहिली. तिची माणसं हॉस्पिटला-हॉस्पिटलात जाऊन केस पेपर वाचायची आणि मृत्यूच्या सरकारी नोंदींशी नावं जुळवायची. कॉम्प्युटर नसताना. आणि अमेरिकेतल्या ज्या फ्लॅटआयर्न या कॅन्सर डेटाच्या कंपनीचं नाव हे आयटीवाले येताजाता घेतात, जी रोश या औषध कंपनीने 2018 साली 1.9 अब्ज डॉलरला घेतली, तिथेही डॉक्टरांच्या नोट्स वाचून माहिती काढायला माणसं बसवलेली आहेत आणि मृत्यूची तारीख ते नुसत्या ईएमआरवरून घेत नाहीत, बाहेरचं डेथ रेकॉर्ड जोडतात. हे मी त्या मीटिंगमध्येही सांगितलेलं, कोणी ऐकलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ज्या गोष्टीची सुरुवात आणि शेवट दोन्ही तुमच्याच बिल्डिंगमध्ये होतात तेवढंच आधी मोजा. पहिली ओपीडी ते पहिली केमो किती दिवस लागले, बायोप्सीचा रिपोर्ट किती दिवसांनी आला, केमोची एकवीस दिवसांची सायकल कितींची पुढे ढकलली गेली आणि कशामुळे, रक्तातल्या पेशींचा काउंट कमी म्हणून की डे-केअरला बेड नाही म्हणून. यातून उद्या सकाळी काहीतरी बदलता येतं. केमोनंतर ताप किती जणांना आला हे नका काढू, ताप आलेला पेशंट गावच्या डॉक्टरकडे जातो. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा एकूण डोस तर सिस्टिमच्या भरवशावर अजिबात नको. शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे 450 ते 550 मिलिग्रॅमच्या पुढे हृदयाला धोका वाढत जातो, आणि सिस्टिम बेरीज करते ती फक्त तुम्ही दिलेल्याची. आधीच्या हॉस्पिटलने दिलेला डोस स्कॅन केलेल्या डिस्चार्ज कार्डात असतो, तोही तिरका स्कॅन. ब्रेस्ट कॅन्सरमधल्या हर-टू टेस्टचं तसंच, 2+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही असं आलं की फिश या पुढच्या टेस्टचा रिपोर्ट नंतर वेगळ्या पीडीएफमध्ये येतो आणि कॉलममध्ये जन्मभर 2+ राहतं.

सर्व्हायव्हल हवंच असेल तर रजिस्ट्रेशनला दोन नंबर घ्या, एक गावाकडचा, नातं लिहून. शेवटच्या व्हिजिटची तारीख आणि शेवटच्या संपर्काची तारीख वेगळी ठेवा. टीएनएम (कॅन्सर किती पसरलाय) आणि ईकॉग स्कोअर (पेशंट किती हिंडता-फिरता आहे) ड्रॉपडाऊनमध्ये, रेसिडेंट कितीही कुरकुरले तरी.

एआयला माझा विरोध नाही, नोट्स वाचायला मदत होते, नंतर कोणीतरी तपासलं तर. एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या, 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदाही बघून घ्या. नुसतं नाव काढून भागत नाही, छोटं गाव आणि दुर्मिळ ट्यूमर एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. आणि लहान हॉस्पिटलात, जिथले पेशंट आसपासचेच आहेत, तिथे हे सगळं एवढं वाईट नसेलही.

फोन करणाऱ्याला मात्र नीट शिकवा. "पेशंट आहेत का" असं पहिलंच वाक्य नको, घरचे सगळे कसे आहेत विचारायचं, समोरचं माणूस आपणहून सांगतं. आणि गेल्याचं कळलं की त्याच दिवशी मेसेज बंद करायचे. ते आयटीला मेल टाकून होत नाही, त्यांच्या टेबलापाशी उभं राहून करून घ्यावं लागतं.